नऊ महिन्यांनंतर: गाडीला कुठलं ग्रीस, कुठे आणि किती

गाडी १२५ सीसी, पुढे डिस्क, मागे ड्रम. मार्च ते नोव्हेंबर, परभणी-जिंतूर पट्टा, निम्मा डांबरी आणि निम्मा शेतरस्ता. ग्रीस लिथियम कॉम्प्लेक्स, एनएलजीआय २ (हा घट्टपणाचा नंबर), अर्ध्या किलोचा डबा. हँडलच्या कोनसेटला (हँडल ज्या छर्‍यांवर वळतं त्या वाट्या) आणि मागच्या ड्रम ब्रेकच्या कॅमला (लायनर फाकवणारा दांडा) हे ग्रीस झकास. डिस्कच्या पिनांना चुकूनही लावू नका.

४३ अंश ऊन म्हणून लोक ‘हाय टेम्परेचर’ लिहिलेलाच डबा मागतात. उन्हाने काही बिघडत नाही. साध्या लिथियम ग्रीसचा ड्रॉपिंग पॉइंटसुद्धा, म्हणजे ग्रीस वितळून थेंब पडायला लागतो ते तापमान, १८० अंशांच्या आसपास असतो. ग्रीस जातं ते काळ्या मातीच्या चिखलाने, आणि त्याहून जास्त वॉशिंग सेंटरच्या प्रेशरने. पाइप थेट हबवर किंवा हँडलखाली धरला की पाणी सील ओलांडून आत जातंच.

मोंढ्यात पन्नीत मिळणारं सुटं पिवळं ग्रीस बहुधा साधं कॅल्शियमचं. पाण्याला टिकतं, पण १०० अंशांच्या आत-बाहेर पातळ होतं, म्हणून मागच्या ड्रमजवळ नको. निळं-लाल बघून घेऊ नका, तो नुसता रंग असतो.

कोनसेट उघडताना वरचे आणि खालचे छर्रे वेगवेगळे मोजून ठेवा. रॉकेलने धुऊन पूर्ण कोरडे करा. वाटीत ग्रीसचा जाड थर, त्यात छर्रे रोवायचे, वरून पुन्हा थर. दोन्ही वाट्यांना मिळून लिंबाएवढा गोळा पुरतो. पावसाळ्यानंतर उघडलं तेव्हा वरचं ग्रीस होतं तसंच, खालचं कडेला दुधाळ, म्हणजे पाणी शिरलेलं. खालची वाटी वर्षातून एकदा बघाच. हँडल सरळ आलं की खाचेत बसल्यासारखं अडकत असेल, तर वाटीला छर्‍यांचे खड्डे पडलेत. तिथे ग्रीस ओतून उपयोग नाही, सेट बदला.

ब्रेकच्या कॅमला मात्र हात आखडता. दांड्याला बोटाने पुसल्यासारखा थर, कॅमच्या तोंडाला नखभर. जास्त झालं की तापून लायनरवर उतरतं आणि लायनर वाया.

डिस्क कॅलिपरच्या (पॅड दाबणारा भाग) पिनांना सिलिकॉन ग्रीसच. पेट्रोलियमच्या ग्रीसने तिथलं रबर फुगतं, पिन जाम होते, मग एकच पॅड झिजतो. छोटी ट्यूब वेगळी घ्यावी लागते, इलाज नाही.

मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याचे (स्विंगआर्म) बुश बऱ्याच गाड्यांत रबराचे असतात, त्यांना काहीच लावायचं नाही. फक्त आरपार बोल्टला पातळ हात द्या. नाहीतर बोल्ट गंजून बुशात धरतो आणि पुढच्या वेळी घण लागतो.

सीलबंद बेअरिंगचं सील उचकटून ग्रीस भरू नका. आत पॉलियुरिया जातीचं ग्रीस असेल तर लिथियमशी जमत नाही, मिश्रण पातळ होऊन गळतं. उघड्या बेअरिंगमध्ये जागेच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंतच भरा. ठासून भरलं की उलट तापतं.

चेनला हे ग्रीस नकोच, धूळ धरून पॉलिश पेपर होतो. ९० नंबरचं गिअर ऑइल बरं.

डब्याबद्दल एकच तक्रार: मे महिन्यात वर तेल साचलं. ओतून देऊ नका, स्वच्छ पट्टीने ढवळलं की मिसळतं. फक्त झाकण उघडं टाकू नका, धुळीचं ग्रीस म्हणजे बेअरिंगला वाळूच.