बालविभागाची दोन कार्डं, अकरा महिने

गेल्या जूनमध्ये शाळा उघडली त्याच आठवड्यात मी दोन्ही मुलांची नावं तालुक्याच्या वाचनालयात घातली. धाकटी तेव्हा तिसरीत गेली होती, थोरला नववीत. आता मे संपत आलाय. कुडाळ-मालवण पट्ट्यातल्या तीन-चार मैत्रिणींनी आतापर्यंत विचारून झालं, "मुलांसाठी कार्ड घेऊ का गो?" फोनवर तेच तेच सांगून दमले, म्हणून एकदाचं लिहून टाकते. वाचनालयाचं नाव घालत नाही. कौतुक आहे तशा तक्रारीही आहेत, आणि परवा पुस्तकं बदलायला मलाच जायचं आहे.

आधी व्यवहार. बालविभागाच्या कार्डाची अनामत 100 रुपये, वर्गणी महिना 20, एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक. सोमवारी बंद. वेळ सकाळी साडेआठ ते साडेअकरा आणि दुपारी साडेचार ते सात. शाळा पाचला सुटते, आमच्या वाडीची एसटी 5.40 ला. म्हणजे जाणं-येणं सोडलं तर मुलांच्या हातात धरून-बांधून वीस मिनिटं. त्यात गाडी लवकर आली तर पुस्तक तसंच टेबलावर टाकून पळायचं. शाळेच्या पोरांनी यावं असं खरंच वाटत असेल, तर ही वेळ ठरवताना कुणीतरी एसटीचं वेळापत्रक बघायला हवं होतं.

पहिले तीन महिने पैसे पाण्यात गेले असंच मला वाटत होतं. बालविभाग म्हणजे काचेची दोन कपाटं, दोन्ही कुलुपात. मुलानं टेबलाशी जायचं, वाचनालयाच्या बाईंनी विचारायचं, "काय हवं?" आठ वर्षांच्या पोरीला काय हवं ते तिला कुठून माहीत? ती गप्प उभी. मग बाई बिचाऱ्या आपल्या मनानं एखादं थोर पुरुषाचं चरित्र काढून देत. घरी येऊन ते दप्तरात आठवडाभर पडून राही आणि तसंच परत जाई. थोरला तर दुसऱ्या खेपेनंतर रस्त्यापलीकडे वडापावच्या गाडीशी उभा राहायला लागला. "तू बदलून आण, मी गाडी बघतो."

मग एक गंमत झाली. श्रावणातल्या दमट हवेनं त्या कपाटांची कुलपं इतकी गंजली की एका कपाटाची चावी आतच तुटली. कुलूप तोडलं, दारही निखळलं. सुतार गणपतीच्या मखरांच्या कामात, नंतर कुणाच्या घराच्या माडीत, तो काही आला नाही. बाईंनी कंटाळून सगळी पुस्तकं काढून खिडकीखालच्या बुटक्या लोखंडी रॅकवर मांडली. तात्पुरती. ती अजून तिथेच आहेत.

त्या रॅकनं काय केलं ते मी स्वतः बघितलं. धाकटी जमिनीवर फतकल मारून बसली आणि एकेक पुस्तक ओढून काढायला लागली. चित्र बघ, दोन ओळी वाच, परत ठेव. सतरा पुस्तकं नाकारली असतील. अठरावं घेतलं, खेकड्यांबद्दलचं, आणि बसमध्येच वाचून संपवलं. घरी माझ्या सासूबाई म्हणाल्या, "आता ह्यां चेडू पुस्तकातच जेवतलां काय गो?" तोवर मला वाटत होतं की मुलाला चांगलं पुस्तक निवडून देणं हीच मोठी गोष्ट. ते नको म्हणायला मिळणं त्याहून मोठं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

ग्रंथालयशास्त्र शिकलेल्यांना हे जुनंच असणार. याला मुक्तद्वार पद्धत म्हणतात. ग्रंथालयतज्ज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली ती 1931 मध्ये, आणि त्यात 'प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक' याच्या पाठोपाठ 'प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक' असं आहे. कुलुपातल्या पुस्तकाला कुठला वाचक? पण बाईंची भीतीही खोटी नव्हे. पुस्तकं चोरीला गेली, फाटली, तर तपासणीत जाब त्यांनाच द्यावा लागतो. गेल्या आठ महिन्यांत किती गेली असं मी विचारलं. "दोन," म्हणाल्या, "आणि त्यातलं एक बहुतेक माझ्याच घरी असेल."

धाकटी मोठ्यानं वाचताना अडखळते. वर्गात हसतात, म्हणून ती तोंडच उघडत नसे. बाईंना हे कळलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, घरात मांजर आहे ना, तिला वाचून दाखव. मला ते नुसतं समजूत काढण्यासारखं वाटलं. नंतर कळलं की अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीत 1999 पासून असा कार्यक्रमच चालतो. शिकवलेले कुत्रे वाचनालयात आणतात आणि मुलं त्यांना गोष्टी वाचून दाखवतात. कुत्रा चूक काढत नाही, घाई करत नाही. आमची मांजर दुसऱ्या पानावर उठून जाते, तर धाकटी पुस्तक घेऊन तिच्यामागे माडाच्या बुंध्यापर्यंत. अडखळणं गेलं असं म्हणणार नाही. पण आता ती अडखळते आणि पुढे जाते.

थोरल्याचा अनुभव वेगळा, आणि तिथे हे वाचनालय (बहुतेक सगळीच असावीत) कमी पडतं. बारा वर्षांनंतरच्या मुलासाठी तिथे काहीच नाही. बालविभागात राजा, राणी, ससा. तिथून एकदम उडी ती अभ्यासिकेत, जिथे पोलीस भरती आणि तलाठी परीक्षेची पुस्तकं घेऊन मोठी मुलं माना खाली घालून बसलेली. मधल्या वयाच्या पोरानं जायचं कुठे? त्याला होड्यांच्या इंजिनांबद्दल वाचायचं होतं. मोठ्यांच्या विभागात तसं एक पुस्तक होतं, पण बालविभागाच्या कार्डावर ते मिळत नाही आणि मोठ्यांचं कार्ड सोळाच्या आत मिळत नाही. शेवटी मी माझ्या नावावर घरातलं तिसरं कार्ड काढलं. ते पुस्तक माझ्या नावावर चार वेळा नूतनीकरण झालंय. रजिस्टर बघून कुणालाही वाटेल, या बाईला मच्छीमारीत उतरायचं आहे. जगभरच्या ग्रंथालयांची संघटना, इफ्ला, तिच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मुलांची सेवा जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत धरलेली आहे. आमच्याकडे ती सातवीला संपते.

त्याला टिकवलं ते मासिकांनी. बालभारतीचं 'किशोर' 1971 पासून निघतंय. त्याचे जुने गठ्ठे माळ्यावर होते, ते बाईंनी खाली काढले, आणि याला मी स्वतः लहानपणी वाचलेला एक अंक सापडला. जुने अंक बालभारतीनं जालावर मोफतही ठेवलेत, पण आमच्या वाडीत पावसात रेंज म्हणजे लॉटरी, तेव्हा कागदच बरा. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ आहे, त्यावर मराठी गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या असतात आणि उतरवून घेता येतात. धाकटीसाठी मी रेंज असताना पाच-सहा उतरवून ठेवते. थोरल्याला ते पोरकट वाटतं.

आता उपक्रम. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो. पाहुणे आले, टेबलावर चादर अंथरून नवी कोरी पुस्तकं मांडली, मुलांना ती हातात धरून फोटोला उभं केलं आणि फोटो झाल्यावर पुस्तकं गोळा करून आत नेली. धाकटी परतताना विचारत होती, "ती कधी मिळणार?" ती रॅकवर आली जानेवारीत, शिक्का मारून आणि नोंद करून.

मे महिन्यातला वाचन उपक्रम: पंधरा दिवसांत दहा पुस्तकं वाचा, प्रशस्तिपत्र मिळवा. माझ्या थोरल्यानं बारा वाचली. सोळा पानांची, मोठ्या टायपाची, सगळी. त्याला प्रशस्तिपत्र मिळालं. शेजारच्या मुलीनं एकच जाडजूड पुस्तक पंधरा दिवस मन लावून वाचलं, तिला काही नाही. मुंबईहून सुट्टीला आलेल्या चाकरमान्यांच्या मुलांना तर भागच घेता येईना, कारण महिन्याभराची सभासदत्वं देण्याची सोयच नाही. मे महिन्यात आमच्या वाड्यांत जितकी मुलं असतात तितकी वर्षभर कधी नसतात, आणि नेमकं तेव्हाच दार बंद.

दंडाचं बोलायलाच हवं. उशीर झाला की दिवसाला एक रुपया. मोठी रक्कम नाही, पण जुलैत चार दिवस ओढ्याला पाणी होतं, साकव ओलांडता येत नव्हता, त्याचाही दंड लागला. आमच्या वाडीतल्या एका मुलाचे 34 रुपये झाले, तेव्हापासून तो येतच नाही आणि पुस्तकही त्याच्याकडेच. शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयानं ऑक्टोबर 2019 मध्ये उशिराचा दंडच काढून टाकला, आणि वर्षानुवर्षं घरात पडलेली पुस्तकं लोक आणून द्यायला लागले. हे मी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, कार्यकारिणीला सांगा. सांगितलंय, कागदावर.

शेवटची गोष्ट पावसाची, कारण कोकणात पुस्तक घरी आणणं ही जबाबदारी आहे. ऑगस्टमध्ये दप्तरात पाणी शिरून एक पुस्तक भिजलं. मी ते खळ्यात उन्हात टाकलं, पानं पिवळी पडून पापडासारखी वाकली. बाईंनी समजावलं: ऊन नको, इस्त्री नको. पानांमध्ये कोरा टिपकागद घालायचा, पुस्तक उघडं उभं ठेवून पंख्याखाली वाळवायचं, कागद तासा-दोन तासांनी बदलायचा. आणि लवकर, कारण दमट हवेत दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. भरून द्यावे लागले 60 रुपये.

तेव्हा घ्यायचं असेल तर: जाड प्लास्टिकची पिशवी ठेवा. पहिल्या दिवशी मुलाला रॅकपाशी एकटं सोडा, तुम्ही बाहेर थांबा. मूल बारा वर्षांवरचं असेल तर त्याच्याबरोबर तुमचंही कार्ड काढा, महिना 40 रुपये जास्त जातील. आणि सुतार आला, तर त्याला परत पाठवा.