वॉर्सातल्या जलपरीच्या शोधात तीन तास: पायी सहलीचा अनुभव

लेकीकडे दोन महिने वॉर्साला, पोलंडच्या राजधानीत होतो. मी कोल्हापूरचा, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालो. इथल्या ट्रामवर, कचऱ्याच्या डब्यावर, गटाराच्या झाकणावरही तलवार उगारलेली जलपरी दिसायची. ही इथली ग्रामदेवताच म्हणायची, म्हणून लेकीने मला फक्त जलपरीवरच्या पायी सहलीचं तिकीट काढून दिलं. आम्ही नऊजण होतो आणि वाट दाखवणारी मुलगी इथलीच.

सुरुवात जुन्या गावातल्या चौकात झाली. तिथे तिने कथा सांगितली. समुद्रातून विस्वा नदीने वर आलेल्या या जलपरीला एका लोभी व्यापाऱ्याने पकडलं, कोळ्यांनी सोडवलं, तेव्हापासून ती गावाची राखण करते. मग तिने शहराच्या 1390 सालच्या शिक्क्याचं चित्र दाखवलं. त्यात पाय पक्ष्याचे आणि अंगावर खवले. बाईचं अंग आणि माशाची शेपटी ही पुढच्या शतकांची करणी. असा बदल टप्प्याटप्प्याने बघताना मी हरखून गेलो.

चौकातली मूर्ती कोन्स्तांती हेगेल यांची, 1855 ची, जस्तात ओतलेली. पण आता तिथे दिसते ती प्रतिकृती. मूळ मूर्ती 2008 मध्ये तिथून हलवली, ती त्याच चौकातल्या शहर संग्रहालयात आहे. आणि इथेच माझी तक्रार आहे. संग्रहालय दहा पावलांवर असून आम्हाला आत नेलं नाही, नुसतं बोट दाखवून पुढे चला म्हणाले. मी दुसऱ्या दिवशी एकटा जाऊन आलो. तुम्हीही तसंच करा. मातीत हात घातलेला माणूस मूळ काम बघितल्याशिवाय परत फिरत नाही.

पण नदीकाठच्या मूर्तीसाठी सगळं माफ. श्वेंतोक्शिस्की पुलाजवळ लुडविका नित्शोवा या शिल्पकार बाईंची 1939 सालची ब्राँझची जलपरी आहे. कोपर्निकस विज्ञान केंद्राच्या मेट्रो स्टेशनवर उतरलात की पाच मिनिटांत पोहोचता. उगारलेल्या हाताचा सगळा जोर पाठीतून खाली शेपटीत उतरलाय. हे साधणं किती अवघड, ते आयुष्यभर मुलांना हात काढायला शिकवलेल्या मला विचारा. समोरून फोटो काढून निघू नका. मागे जा आणि खांद्याची पन्हळ बघा.

मूर्तीसाठी क्रिस्टिना क्राहेल्स्का बसली होती. कवयित्री होती. पोरगी रस्त्यात ओळखू येऊ नये म्हणून नित्शोवांनी चेहरा मुद्दाम थोडा बदलला. 1 ऑगस्ट 1944 ला शहर जर्मनांविरुद्ध उठावाला उभं राहिलं, तेव्हा ती जखमींची शुश्रूषा करायला धावली, पहिल्याच दिवशी गोळी लागली आणि दुसऱ्या दिवशी गेली. तीस वर्षांची. हे सांगताना वाट दाखवणाऱ्या मुलीचा आवाज बसला. नंतर जर्मनांनी जुन्या गावाचा पंच्याऐंशी टक्क्यांहून जास्त भाग उद्ध्वस्त केला, पण ही मूर्ती शाबूत राहिली. मी चौथऱ्यावर हात ठेवून बराच वेळ उभा राहिलो. कुणी घाई केली नाही, याबद्दल आभार.

मग कारोवा रस्त्यावरच्या पुलावरची जलपरी पाच मिनिटांत उरकली. पिकासोची गोष्ट ट्राममध्येच ऐकली. 1948 मध्ये त्याने कामगार वसाहतीतल्या एका घराच्या भिंतीवर हातोडावाली जलपरी काढली आणि बघ्यांना वैतागलेल्या घरच्यांनी पाच वर्षांनी ती रंगवून टाकली. मला ते घरच्यांचं पटतं.

सहल संपल्यावर मी वाट दाखवणाऱ्या मुलीला वळिवड्याच्या छावणीबद्दल विचारलं. 1943 ते 1948 मध्ये आमच्या कोल्हापूरजवळ पाचेक हजार पोलिश निर्वासित राहिले होते, माझी आई त्या पोरांबद्दल सांगायची. तिला ते माहीत होतं. मोन्ते कासिनो स्मारकाजवळ कोल्हापूरचं स्मारक आहे, असं म्हणत तिने नकाशावर खूण करून दिली. संध्याकाळी लेकीला घेऊन तिथेच गेलो.

पाचपैकी चार तारे. वाट दगडी आणि चढउताराची, गुडघे दुखत असतील तर काठी घ्या. पाण्याची बाटली जवळ असू द्या, मध्ये बसायला कुठे थांबवत नाहीत.