ब्रेक ऑइलचे दोन रिकामे डबे

२०२३ च्या जानेवारीत पुण्यातील एका गॅरेजने माझ्याकडून ५६,००० रुपये घेऊन माझ्या गाडीत जे काम केल्याचे सांगितले, त्यातले बहुतेक काम झालेच नव्हते. आणि हे मला गॅरेजमध्ये नव्हे, तर चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टई येथील शर्यतीच्या ट्रॅकवर, वेग ताशी १४० किलोमीटरच्या आसपास असताना, ब्रेकचे पेडल तळाला टेकल्यावर कळले. हौसेने ट्रॅकवर जाणाऱ्या इतर कोणाला ते तिथे कळू नये, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

गाडी २०१७ ची फोक्सवॅगन व्हेंटो, १.२ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन आणि सात गिअरचा डीएसजी हा स्वयंचलित गिअरबॉक्स असलेली, म्हणजे आपल्या चाकणच्याच कारखान्यातली. आठवडाभर ती ऑफिसला आणि मुलीच्या शाळेला जाते, वर्षातून दोनदा ट्रॅकवर. याच मॉडेलच्या गाड्यांची 'व्हेंटो कप' ही शर्यत भारतात २०१५ पासून होऊ लागली होती, त्यामुळे ही घरगुती सेडान ट्रॅकवर नेण्याचा विचार घरच्यांना वाटला तितका वेडगळ नव्हता. मला रोल केज, म्हणजे गाडी उलटली तरी चालकाला वाचवणारा आतला लोखंडी सांगाडा, नको होता की कडक सस्पेन्शन नको होते, कारण याच गाडीतून आईला दवाखान्यात न्यायचे असते. मला हवे होते चांगले ब्रेक पॅड, रेसिंगचे ब्रेक ऑइल, व्हील अलाइनमेंट आणि, मोह आवरला नाही म्हणून, इंजिनाचे रीमॅप, म्हणजे शक्ती वाढवण्यासाठी इंजिनाच्या संगणकातले सॉफ्टवेअर बदलणे.

रस्त्यावरची गाडी ट्रॅकवर नेली की सर्वांत आधी तिचे ब्रेक उघडे पडतात. वेग निम्मा करायचा म्हणजे गाडीतली तीन-चतुर्थांश गतिज ऊर्जा उष्णता करून चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कमधून बाहेर टाकायची, आणि ट्रॅकवर हे दर मिनिटाला अनेकदा करावे लागते. ही उष्णता पॅडमधून, ते पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरमध्ये आणि तिथून ब्रेक ऑइलमध्ये उतरते. 'डॉट ४' प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पण हे ऑइल हवेतली ओल शोषून घेते, आणि त्यात ३.७ टक्के पाणी मुरल्यावर तोच आकडा १५५ पर्यंत घसरला तरी मानकाला ते चालते. घाटात उतरताना एखाद्या वेळी जाणवेल, एरवी शहरात त्याचा पत्ताही लागत नाही. ट्रॅकवर मात्र ऑइल उकळते, नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पाय कितीही जोराने रोवला तरी तो दाब कॅलिपरपर्यंत पोहोचत नाही. म्हणून रेसिंगसाठी ३०० अंशांच्या वर उकळणारे ऑइल वापरतात. ते महाग असते, आणि एकदा गाडीत गेले की डोळ्यांना दिसत नाही. फसवणुकीला याहून सोयीची वस्तू नाही.

गॅरेजचे मालक बोलायला गोड होते. पॅडचे १४,५००, ऑइलच्या अर्ध्या लिटरच्या दोन डब्यांचे ४,८००, रीमॅपचे २८,०००, आणि मजुरी व अलाइनमेंट मिळून ८,७०० असा हिशेब त्यांनी एका कागदावर मांडला. "सर, सगळ्याचं पक्कं बिल केलं तर सुट्या भागांवर अठ्ठावीस टक्के जीएसटी लागेल, मजुरीचं बिल देतो, बाकीचं या नंबरवर टाका," असे म्हणून त्यांनी भाच्याचा यूपीआय नंबर दिला. मी ४७,३०० रुपये त्यावर पाठवले. कर वाचवल्याचे समाधान तेव्हा झाले होते, हे कबूल करायला हवे. प्रत्यक्षात मी पुरावा वाचवला नव्हता.

शनिवारी गाडी ताब्यात घेतली तेव्हा दिसणारी प्रत्येक गोष्ट बिनचूक होती. बॉनेटखालच्या टाकीत पातळ मधासारखे स्वच्छ ऑइल होते. चाकाच्या आऱ्यांमधून लाल रंगाचे पॅड दिसत होते. डिकीत पॅडचा खोका आणि ऑइलचे दोन रिकामे डबे ठेवलेले होते. "तुमचा माल तुमच्याच गाडीत गेला, याची खात्री असावी म्हणून," असे मालकांनी स्वतःहून सांगितले. ॲक्सिलरेटरला स्पर्श करताच गाडी उसळत होती, त्यामुळे रीमॅपबद्दलही शंका उरली नाही.

मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा हा ट्रॅक सुमारे ३.७ किलोमीटर लांबीचा आहे, आणि पुण्यातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ कोल्हापूर, हुबळी, बंगळूरु करत थेट त्याच्या परिसरात पोहोचतो. ते सुमारे बाराशे किलोमीटर गाडी विनातक्रार धावली. सकाळच्या तपासणीत हेल्मेट, टायर, बॅटरीची पकड, गळती, डिकीतले सुटे सामान हे सगळे पाहिले गेले, आणि त्यात मी उत्तीर्ण झालो. नळीतल्या ऑइलचे वय अशा तपासणीत कोणी पाहत नाही. पहिली फेरी सावकाश, दुसरी बरी. तिसरीत पेडल थोडे खोल जाऊ लागले. चौथ्या फेरीत एका वळणाआधी ब्रेक दाबला तेव्हा पाय स्पंजावर पडल्यासारखा आत गेला. भराभर चार-पाच वेळा पेडल मारून थोडा दाब मिळवला, गिअर खाली आणले, आणि गाडी वळणाबाहेरच्या मोकळ्या जागेत जाऊन थांबली. समोर कोणी नव्हते म्हणून बंपरच्या खालच्या कडेवर आणि इंजिनाखालच्या प्लास्टिकवर निभावले. खासगी गाडीच्या नेहमीच्या विमा पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते, हे मला आधीपासून ठाऊक होते. तो खर्च माझा मी केला.

शेजारच्या शेडमध्ये कोल्हापूरहून आलेले एक वयस्क मिस्त्री होते. त्यांनी चाक काढले, कॅलिपरच्या मागे बोट फिरवले आणि मला खाली वाकून पाहायला सांगितले. ब्लीडिंगच्या, म्हणजे जुने ऑइल बाहेर काढण्याच्या, निपलवरची रबरी टोपी मातीने इतकी चिकटली होती की ती नखाने सुटेना, आणि टोपीखालच्या षटकोनाच्या कडांवरचा गंज अखंड होता. "साहेब, ह्या निपलला पाना लागल्यालाच न्हाई की," ते म्हणाले. त्यांनी निपल उघडून त्याला पारदर्शक नळी लावली आणि मला पेडल दाबायला बसवले. बाटलीत जे उतरले ते उकळून ठेवलेल्या कोऱ्या चहाच्या रंगाचे होते, आणि टाकीतले ऑइल मात्र अजून मधासारखेच होते. युक्ती तेव्हा उलगडली: टाकीतले जुने ऑइल पिचकारीने शोषून घ्यायचे, वर ताजे ओतायचे, आणि चारही चाकांपर्यंतच्या नळ्यांना हात लावायचा नाही. दहा मिनिटांचे काम. ते ताजे ऑइल तरी रेसिंगचे होते का, हे मला कधीच कळणार नाही.

मग मिस्त्रींनी पॅड काढले. पाठीमागच्या पत्र्यावरचा लाल रंग थिनरच्या बोळ्याने पुसला, तर खाली दुसऱ्याच एका स्वस्त कंपनीचे उठावदार अक्षर निघाले. बऱ्याच पॅडच्या कडेवर घर्षणाचा दर्जा सांगणारी दोन अक्षरे असतात, पहिले साधारण तापमानाचे आणि दुसरे तापल्यानंतरचे. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे त्याच्याही वर ०.५५ पर्यंत. माझ्या पॅडवर रंगाखाली ई-ई होते.

रीमॅपचे गुपित पुण्याला परतल्यावर उघडले, आणि तेही अपघाताने. पायाशी पडलेले पेन शोधताना ॲक्सिलरेटरच्या वरच्या बाजूला, त्याच्या सॉकेटमध्ये मधेच खोचलेली काडेपेटीएवढी काळी डबी हाताला लागली. ही डबी पेडलचा इशारा वाढवून इंजिनाला सांगते, म्हणजे पाय चतुर्थांश दाबला तर गाडीला वाटते निम्मा दाबला. शक्ती एका अश्वानेही वाढत नाही. डबी काढली आणि गाडी पूर्वीसारखी झाली. एका जाणकाराने लॅपटॉप जोडून पाहिले, तेव्हा इंजिनाच्या संगणकात कंपनीचेच मूळ सॉफ्टवेअर होते. रीमॅप करायचेच असेल, तर आधीचे आणि नंतरचे सॉफ्टवेअर स्वतःसमोर वाचून घ्यावे. गाडी उसळते ही खूण कामाची नाही.

डब्यांची गोष्ट त्याहून वाईट निघाली. पिंपरीच्या एका ट्रॅकमित्राने त्याच गॅरेजातून काम करून घेतले होते. त्याच्या जुन्या फोटोत जे दोन डबे होते, त्यांपैकी एकाचा कोपरा चेपलेला होता, आणि लेबलावर तिरपा ओरखडा होता. तोच डबा माझ्या डिकीत होता. काम झाल्यावर मित्र रिकामे डबे गॅरेजातच ठेवून आला होता.

मी जाऊन विचारले, तेव्हा आधी "तुम्ही रेसिंग केलंत, आता गॅरंटी कसली?" असे उत्तर मिळाले. फोटो दाखवल्यावर सूर बदलला: "तक्रार कराच सर, रीमॅप केलेली गाडी आरटीओला दाखवावी लागेल." हा धाक पोकळ नाही, म्हणूनच तो चालतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ तपशिलात फेरफार करता येत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केले, आणि कलम १८२ए मध्ये मालकाला दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही सांगितले आहे. पण पॅड आणि ब्रेक ऑइल या वेळोवेळी बदलायच्याच वस्तू आहेत, आणि माझ्या गाडीचे रीमॅप तर त्यांनी केलेलेच नव्हते. ते त्यांना सांगितल्यावर त्यांनी चहा मागवला.

पॅड आणि ऑइलचे १९,३०० रुपये दोन हप्त्यांत परत आले. रीमॅपच्या २८,००० साठी मी आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली, आणि मग दोन वर्षांच्या मुदतीत जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेलो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही. सॉफ्टवेअर भरले होते, पण नंतरच्या सर्व्हिसिंगमध्ये डीलरने ते पुसले, असे प्रतिपक्षाचे म्हणणे आहे. त्या काळात गाडी डीलरकडे गेलीच नव्हती, याची सर्व्हिसची नोंद मी जोडली आहे. यूपीआयची पावती भाच्याच्या नावाची आणि त्यावर कामाचा उल्लेख नाही, त्यामुळे ते पैसे कशाचे, हे सिद्ध करण्यातच तारखा जात आहेत.

ब्लीडिंग आता मी आमच्या पार्किंगमध्ये शेजाऱ्याला पेडलवर बसवून स्वतः करतो: आधी नवा डबा फोडतो, मग नळीतून येणारा रंग बदलेपर्यंत प्रत्येक चाकाशी थांबतो. पॅडचा खोका, दोन डबे आणि ती काळी डबी एका कापडी पिशवीत बांधून प्रत्येक तारखेला आयोगात नेतो. आतापर्यंत ती पिशवी उघडायला कोणी सांगितलेले नाही.