आंब्याच्या बागेत वाय-फाय की लोरा?
खाली पॅकिंग शेड आणि डोंगरउतारावर हापूसची कलमं असा पसारा असेल, तर शेडपुरता प्रश्नच नाही. तिथे वाय-फाय लावा आणि मोकळे व्हा. कॅमेरा, बिलिंग, बारकोड त्यावरच चालणार. लोरा म्हणजे कमी विजेत थोडीशी माहिती लांबवर पाठवणारा रेडिओ; त्याचा वेग इतका कमी की साधा फोटोही जड जातो.

बागेत मात्र गणित उलटं. वाय-फायचा २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल जांभ्याच्या गडग्यात आणि पावसात भिजलेल्या पानांत लवकर मरतो. लोरा भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झवर विनापरवाना चालतो. मातीच्या ओलाव्याचे दोन-चार आकडे तासाला एकदाच पाठवायचे, तर एका लिथियम सेलवर वर्ष सहज निघतं. गेटवे, म्हणजे हे आकडे पकडून इंटरनेटवर पाठवणारं यंत्र, पाण्याच्या टाकीवर, उंच बसवा. मधे टेकाड आलं की लोराही हात टेकतो.

बागेतली यंत्रं बंद पडण्यामागे बऱ्याचदा रेडिओ नसतोच, खारा वारा असतो. अँटेनाच्या पितळी जोडावर हिरवट थर दिसला की सिग्नल पडलाच समजा. जोडावर सेल्फ-फ्यूजिंग (स्वतःलाच चिकटणारी) रबर टेप ताणून गुंडाळा, वायर यंत्राच्या डब्यात खालच्या बाजूने घ्या. आणि अँटेना न जोडता लोरा मॉड्यूल चालू करू नका, ट्रान्समीटर जळू शकतो.