जुनी गाडी स्वतः विकावी की डीलरला द्यावी? बडोद्यातले दोन सौदे

मागच्या दिवाळीनंतर कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीतून दोन गाड्या गेल्या. माझी २०१४ची वॅगनआर मी जाहिरात टाकून स्वतः विकली. वरच्या मजल्यावरच्या नानांनी त्यांची आय-टेन ओल्ड पादरा रोडवरच्या एका डीलरला दिली. सध्या जे या विचारात आहेत त्यांच्यासाठी दोन्हींचा हिशेब मांडतो.

भावात थेट विक्री पुढे, यात वाद नाही. माझ्या गाडीचे डीलर २ लाख १० हजार देत होता, गिऱ्हाइकाने २ लाख ४५ हजार दिले. पण या ३५ हजारांसाठी तीन आठवडे फोन घेतले. निम्म्या लोकांचा पहिला आणि शेवटचा प्रश्न एकच, ‘छेल्ला केटला?’ म्हणजे शेवटचा भाव किती. नानांची गाडी एका दुपारी गेली. गाडी घेणाऱ्या ऑनलाइन कंपन्याही डीलरच्याच रांगेत धरा. स्क्रीनवर दिसतो तो अंदाज, भाव कळतो तो तपासणीनंतर. शोरूमच्या एक्स्चेंजमध्ये ‘बोनस’कडे बघूच नका. नव्या गाडीवरची सूट वजा करून हातात काय पडतं तेवढंच पाहा.

आता फसवणूक. थेट विकणाऱ्याला ती पहिल्याच दिवशी भेटते. मला जाहिरातीनंतर दोन तासांत फोन आला. ‘मी ईएमईमध्ये आहे, सध्या बाहेर ड्यूटीवर आहे, गाडी पसंत आहे, टोकन पाठवतो.’ फत्तेगंजला लष्कराची ईएमई शाळा असल्याने बडोदेकराला हे खरंच वाटतं. मला खटकलं ते वेगळंच. टायर विचारले नाहीत, सर्व्हिस विचारली नाही, भावही पाडून मागितला नाही. बडोद्यात घासाघीस न करता जुनी गाडी घेणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही! मग क्यूआर कोड आला. ‘स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील.’ यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. चुकून टाकलाच, तर तासाभरात नव्हे, त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करावा.

दुसरा प्रकार जास्त बेमालूम, कारण त्यात समोर आलेला माणूस खरा असतो. ठग तुमच्याकडून फोटो आणि आरसी मागवतो, त्यावर स्वतःची स्वस्तातली जाहिरात टाकतो आणि त्यातून सापडलेलं गिऱ्हाईक तुमच्याच दारी पाठवतो. तुम्हाला सांगतो, ‘माझा भाऊ बघायला येतोय, त्याच्याशी पैशांचं बोलू नका.’ त्याला सांगतो, ‘गाडी माझ्या नातेवाइकाकडे उभी आहे, भाव माझ्याशीच.’ गाडी पसंत पडते, तो बिचारा पैसे ठगाच्या खात्यात भरतो आणि चावी तुमच्याकडे मागतो. मग सोसायटीच्या गेटवर दोन प्रामाणिक माणसं एकमेकांना चोर म्हणत उभी! यावर उपाय एकच. आलेल्या माणसाला तोंडावर विचारा, ‘तुम्हाला भाव काय सांगितलाय, पैसे कुणाला देणार?’ आणि आरसीचा फोटो आधी पाठवूच नका, मूळ प्रत घरी दाखवा.

टेस्ट ड्राइव्हला शेजारी बसा. पैसे आल्याचा मेसेज पुरावा नव्हे, बँकेचं ॲप उघडून शिल्लक पाहा. २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्यात बसत नाही, सापडल्यास दंड तेवढ्याच रकमेचा. माझा व्यवहार गिऱ्हाइकाच्या बँकेत बसून आरटीजीएसने झाला.

डीलरकडे या कटकटी जवळपास नाहीत. तिथला धोका मुका असतो, महिन्यांनी बोलतो. नानांनी गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याच्या फॉर्म २९ आणि ३०वर तारखेविना सह्या केल्या, पैसे पूर्ण मिळाले, पेढेही वाटले. तीन महिन्यांनी त्यांच्या फास्टॅगमधून अहमदाबाद एक्स्प्रेसवेचा टोल कटला, मागोमाग ई-चलान आलं. डीलरने गाडी पुढे दिली होती, पण नाव नानांचंच. ‘काका, पार्टीने ट्रान्सफर केलं नाही,’ एवढंच उत्तर. चलान भरता येतं. अपघात झाला असता तर? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केलंय, की गाडी पुढे कितीही हातांत गेली तरी भरपाईची जबाबदारी आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव आहे त्याची.

म्हणून डीलरला एकच प्रश्न विचारा, आरटीओचं अधिकारपत्र आहे का? १ एप्रिल २०२३पासूनच्या नियमांत अधिकृत डीलरकडे गाडी देताना ती डीलरच्या ताब्यात दिल्याचा फॉर्म २९सी भरला जातो, आणि ट्रान्सफर होईपर्यंत जबाबदारी डीलरची मानली जाते. ‘त्याची काय गरज, आपला शब्द आहे ना’ म्हणाला, तर चहा पिऊन उठा.

थेट विक्रीत हे माझ्या हातात होतं. डभोईचे गिऱ्हाईक, मी त्यांच्यासोबत दरजीपुऱ्याच्या आरटीओत गेलो आणि ट्रान्सफरच्या अर्जाची पावती निघाल्यावरच दुसरी चावी दिली. विकल्याची सूचना १४ दिवसांत देणं विकणाऱ्याचंच काम आहे. त्याच दिवशी फास्टॅग बंद केला. विम्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याची सवलत, गाडीचा नसतो, मालकाचा असतो. त्याचं पत्र कंपनीकडून घ्या, ते ३ वर्षं चालतं आणि ५० टक्क्यांपर्यंतची सवलत नव्या गाडीला लावता येते. घाईत डीलरला गाडी देणारे नेमकं हेच विसरतात. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि कर्जाची नोंद काढण्याचा फॉर्म ३५ दोन्हीकडे आधीच लागतात. पुण्याचा भाचा घेतो म्हणत असेल, तर आरटीओची एनओसी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स धरून त्याला परवडतंय का, हे त्यालाच मोजू द्या.

माझं मत विचाराल, तर घरात दिवसा गाडी दाखवायला कुणी असेल आणि गिऱ्हाईक बडोदा जिल्ह्यातलंच असेल, तर स्वतः विका. एकटे राहणारे ज्येष्ठ, किंवा गाडी इथे आणि मुलं कॅनडात, तर अधिकृत डीलर, ३५ हजार गेले तरी. अधिकारपत्र नसलेला डीलर मात्र कुणीच नको, तिथे भावही कमी आणि धोकाही तुमचाच.

नानांचं ट्रान्सफर दोन महिने पाठपुरावा केल्यावर झालं. आता त्यांची ॲक्टिव्हा विकायची आहे. जाहिरात तेच टाकणार आहेत, फोन मात्र मी घ्यायचे, असं ठरलंय.