साम्यवाद आणि समाजवाद: फरक कळायला साखर कारखाना बघा
आमच्या सांगलीकडं चहाच्या टपरीवर कुणीपण कुणालापण कम्युनिस्ट म्हणतं, ऊसदर मागितला की झाला लाल बावट्याचा. पण साम्यवाद आणि लोकशाही समाजवाद ह्यात फरक आहे राव, अन् सरमिसळपण तेवढीच.

कारखान्याचंच घ्या. कट्टर साम्यवादी म्हणणार कारखाना सरकारचा, खाजगी मालक नकोच. भांडवलवादात मालकी शेअरवाल्याची, ज्याचे शेअर जास्त त्याचं मत जास्त. आणि लोकशाही समाजवादाला जवळच्या सहकारात? शेअर कितीपण असूदेत, मत एकच. वडलांच्या कपाटात शेअरचा पिवळा पडलेला कागद आहे, त्यावर ते वर्षाला एकदा सभेला जाऊन भांडून येतात, चेअरमन बसलेला असला तरी त्याचं मतपण एकच ना. (पॅनेल कसं निवडून येतं ते सोडा, तो वेगळा विषय.) मला हाच मधला रस्ता बरा वाटतो.

माणसं तर अजून गुंतागुंतीची. क्रांतिसिंह नाना पाटील 1942 च्या लढ्यातून उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारचे (म्हणजे इंग्रजांना समांतर सरकार), आधी काँग्रेसच्या चळवळीत, मग शेतकरी कामगार पक्षात (शेकाप), आणि 1957 ला साताऱ्यातून कम्युनिस्ट म्हणून लोकसभेवर. यशवंतराव चव्हाण देवराष्ट्र्याचे, तेपण बेचाळीसच्या लढ्यातलेच, पण राहिले काँग्रेसमधे आणि सहकाराला बळ दिलं. दोघांनाही जमिनीचा प्रश्न महत्त्वाचा वाटायचा, भांडण होतं ते तो सोडवायचा कसा ह्यावर, 1961 चा कमाल जमीन धारणेचा कायदा (एकाकडं जास्तीत जास्त किती जमीन असावी ह्याचा) तर काँग्रेसच्याच राज्यात झाला की.