जुन्या फोर्डसनच्या गिअरबॉक्सची दुरुस्ती: काम चोख, वेळेचे मात्र वांधे

आमच्या फोर्डसन मॉडेल एफ ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स ज्या वर्कशॉपमध्ये दुरुस्त करून घेतला, तेथील कारागिरी उत्तम आहे. वेळेबाबत मात्र तसे म्हणता येत नाही. १९१७ साली उत्पादन सुरू झालेल्या या मॉडेलला पुढचे तीन आणि मागचा एक असे गिअर असून, मागील चाकांना शक्ती वर्म (स्क्रूसारखे आटे असलेला दंड) आणि त्यात अडकणाऱ्या ब्राँझच्या दातेरी चाकामार्फत, म्हणजे वर्म व्हीलमार्फत, मिळते. तेल काढताच तळाशी सोनेरी चुरा चमकला आणि याच व्हीलचे दाते झिजल्याचे उघड झाले. कारागिराने नव्या व्हीलला निळा रंग लावून दात्यांचा स्पर्श नेमका कोठे होतो ते दाखवले, तो मध्यावर येईपर्यंत जुळणी पुन्हा पुन्हा तपासली आणि ब्राँझला बाधणारे गंधकयुक्त गिअर ऑइल न वापरण्याची ताकीद दिली. (आधीच्या मेकॅनिकने एवढे सांगितले असते, तरी पुरे होते.) काम ठरल्या मुदतीच्या दुप्पट लांबले आणि विचारल्याशिवाय एकदाही काही कळवले गेले नाही. गिअर आता न खरखरता पडतात. सीटखालचे हाउसिंग, म्हणजे वर्मभोवतीचे आवरण, अजूनही तापते, पण तो त्या रचनेचाच गुण आहे.